वांग्याची फोड, लिंबाचा रस आणि त्वचेचे वय

वांगी चिरायला बसताना शेजारी पाण्याचे पातेले घ्यायचे, ही घरोघरची रीत आहे. फोड कापली की लगेच पाण्यात. बाहेर राहिलेली फोड थोड्याच वेळात तपकिरी पडते. सफरचंदाचेही तसेच. त्या फोडीवर लिंबू पिळले, तर ती बराच वेळ पांढरी राहते.

स्वयंपाकघरातली ही गोष्ट प्रसाधनांच्या जाहिरातींनी नेमकी उचलली आहे. सफरचंदाच्या अर्ध्या भागावर क जीवनसत्त्वाचे द्रावण लावलेले असते, उरलेला अर्धा भाग कोरा. काही वेळाने एक भाग पांढरा, दुसरा काळपट. आणि दावा असा, की तुमच्या त्वचेचेही असेच होते. अशा वेळी नववी-दहावीच्या वर्गात एखादा हात हमखास वर येतो : “मग तोंडाला लिंबूच चोळले तर?”

प्रश्न चांगला आहे. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून तो मिटवण्यापेक्षा त्याच्या मागे मागे जाऊ या. तपकिरी फोडीपासून सुरकुतलेल्या त्वचेपर्यंतची वाट दिसते तितकी सरळ नाही.

फोड तपकिरी का पडते?

फळ कापले की पेशी फुटतात. त्यांतील पॉलिफेनॉल नावाची संयुगे, एक विकर आणि हवेतील ऑक्सिजन एकत्र येतात. विकराच्या मदतीने पॉलिफेनॉलांचे ऑक्सिडीकरण होते आणि शेवटी तपकिरी रंगद्रव्य तयार होते. पाण्यात बुडवलेल्या फोडीला हवा कमी मिळते, म्हणून ती काळवंडत नाही. लिंबाचा रस मात्र दोन प्रकारे काम करतो. त्यातील आम्लामुळे विकर मंदावते, आणि त्यातील क जीवनसत्त्व ऑक्सिडीकरण झालेल्या रेणूंना इलेक्ट्रॉन परत देऊन पूर्वस्थितीला आणते.

या दोहोंपैकी फक्त दुसरे काम ‘प्रतिऑक्सिडीकारका’चे, म्हणजेच अँटिऑक्सिडंटचे आहे. दोन्ही कामे वेगळी काढून दाखवणारा प्रयोग वर्गात सहज करता येतो.

निळा रंग कुठे गेला?

भाताची पातळ पेज गाळून पूर्ण थंड होऊ द्या. (गरम पेजेत आयोडीनचा निळा रंग टिकत नाही.) दोन परीक्षानळ्यांत थोडी थोडी पेज घ्या आणि प्रत्येकीत आयोडीनच्या द्रावणाचा एक थेंब टाका. दोन्ही गडद निळ्या होतील. आता एकीत लिंबाचा रस थेंब थेंब घाला, दुसरीत पांढरे व्हिनेगर. लिंबाच्या नळीतला निळा रंग जाईल, व्हिनेगरच्या नळीतला राहील. आम्ल दोन्हींत आहे, पण आयोडीनला इलेक्ट्रॉन देणारे क जीवनसत्त्व फक्त लिंबात आहे.

रंग गेलेल्या नळीत पुन्हा आयोडीनचे थेंब टाकत राहा. काही थेंबांपर्यंत रंग येऊन जाईल, पण एका थेंबाला निळा रंग कायमचा परत येईल. नळीतले क जीवनसत्त्व खर्ची पडले! विद्यार्थ्यांच्या लक्षात राहावी अशी गोष्ट हीच. प्रतिऑक्सिडीकारक दुसऱ्याला वाचवतो तो स्वतःचे ऑक्सिडीकरण होऊ देऊन. तो संपला की संरक्षणही संपले.

आता सफरचंदाच्या दोन फोडी घेऊन एकीला लिंबाचा रस आणि दुसरीला व्हिनेगर लावा. व्हिनेगर लावलेली फोडही काळवंडायला वेळ घेते. म्हणजे फोड पांढरी राहिली एवढ्यावरून प्रतिऑक्सिडीकारकाने काम केले, असे म्हणता येत नाही. जाहिरातीतला प्रयोग खोटा नसतो, पण त्यातून काढलेला निष्कर्ष प्रयोगाच्या पुढे धावतो.

त्वचेत काय बिघडते?

त्वचेचे वार्धक्य दोन प्रकारचे असते. एक वयाबरोबर सर्वांगाला येणारे, दुसरे उन्हामुळे उघड्या भागाला येणारे. घरातील आजी-आजोबांच्या दंडाची आतली बाजू आणि हाताची पाठ शेजारी शेजारी पाहिली, तर फरक चटकन दिसतो. दंडाच्या आतली त्वचा सैल झाली तरी मऊ आणि एकसारख्या रंगाची असते. हाताच्या पाठीवर सुरकुत्या, डाग आणि खरखरीतपणा असतो. माणूस एकच, वयही एकच, फरक उन्हाचा.

याचे ठळक उदाहरण २०१२ साली एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आले होते. ६९ वर्षांच्या एका गृहस्थांनी २८ वर्षे मालवाहू ट्रक चालवला होता. त्यांच्या चेहऱ्याचा डावा भाग उजव्यापेक्षा कितीतरी अधिक सुरकुतलेला होता, कारण अमेरिकेत चालक डाव्या बाजूला बसतो आणि खिडकी त्याच्या डाव्या गालाशी असते. खिडकीची काच सूर्यप्रकाशातील लहान लांबीचे अतिनील-बी किरण अडवते, पण अधिक लांबीचे अतिनील-ए किरण बऱ्याच प्रमाणात आत येऊ देते. तेच त्वचेत अधिक खोल जातात.

खोल जाऊन ते काय करतात? त्यांच्या ऊर्जेमुळे पेशींत ऑक्सिजनची अतिशय क्रियाशील रूपे तयार होतात. त्यांपैकी काहींत एक इलेक्ट्रॉन जोडीविना असतो. त्यांना मुक्त मूलके म्हणतात. ती शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतात, मग तो रेणू आपल्या शेजाऱ्याचा, अशी साखळी चालू होते. अशी मूलके वार्धक्याला कारणीभूत असावीत, ही कल्पना डेनम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५६ साली मांडली. सगळ्या वार्धक्याचे कोडे तिने सुटले नाही, पण उन्हाने बिघडणाऱ्या त्वचेला ती बरीच लागू पडते. १९९०च्या दशकात मिशिगन विद्यापीठातील गॅरी फिशर आणि जॉन वोरहीस यांच्या गटाने दाखवले, की अतिनील किरणांमुळे त्वचेत कोलॅजेन तोडणारी विकरे वाढतात. कोलॅजेन हे त्वचेला घट्टपणा देणारे प्रथिन. ते थोडे थोडे तुटत, अर्धवट दुरुस्त होत गेले, की वर्षानुवर्षांनी सुरकुती दिसते. सफरचंद तपकिरी पडण्याची क्रिया आणि ही क्रिया एक नव्हेत, हे इथे स्पष्ट होते.

त्वचा या हल्ल्यापुढे अगदी निराधार नसते. तिच्यात क आणि ई जीवनसत्त्वे असतात, मुक्त मूलके निकामी करणारी विकरेही असतात. ई जीवनसत्त्व पेशीच्या स्निग्ध आवरणात राहून साखळी तोडते आणि खर्ची पडते. मग क जीवनसत्त्व त्याला इलेक्ट्रॉन देऊन पुन्हा कामाला लावते. भर उन्हात मात्र हा साठा भराभर संपतो. बाहेरून भर घालावी, हा विचार त्यातूनच आला.

भर पोचते का?

विचार बरोबर असला तरी वाटेत एक भिंत आहे. त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर केसापेक्षाही पातळ असतो, पण बाहेरचे पाणी आणि त्यात विरघळलेली द्रव्ये आत येऊ न देणे हेच त्याचे काम. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळणारे आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे शेल्डन पिनेल आणि सहकाऱ्यांनी २००१ साली डुकराच्या त्वचेवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की द्रावणाचा सामू ३.५पेक्षा कमी असेल तरच ते पुरेसे आत शिरते, आणि २० टक्क्यांपर्यंत तीव्रता वाढवली तर फायदा होतो, त्यापुढे नाही. २००५ साली त्याच गटाने १५ टक्के क आणि १ टक्का ई जीवनसत्त्वाच्या द्रावणात भाताच्या कोंड्यातही सापडणारे फेरुलिक आम्ल अर्धा टक्का मिसळले. त्यामुळे द्रावण अधिक टिकले आणि किरणांपासूनचे संरक्षण दुप्पट झाले. पिनेल स्वतः अशी द्रावणे बनवणाऱ्या कंपनीशी संबंधित होते. त्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण वाचणाऱ्याने ते लक्षात ठेवावे.

माणसांवरच्या काही छोट्या चाचण्यांत अशी द्रव्ये ३ ते ६ महिने लावल्यावर बारीक सुरकुत्या थोड्या कमी झालेल्या दिसल्या. म्हणजे क जीवनसत्त्व अगदीच निरुपयोगी नाही. पण ते योग्य आम्लतेचे, पुरेसे तीव्र आणि ताजे हवे. पिवळे-तपकिरी पडलेले द्रावण हवेशीच लढून बरेचसे संपलेले असते. काही क्रीममधले ई जीवनसत्त्व तर मुळात डबीतले तेल खवट होऊ नये म्हणून घातलेले असते!

आता लिंबाचा हिशेब करू. १०० मिलिलिटर रसात क जीवनसत्त्व साधारण ४० ते ५० मिलिग्रॅम असते. १० टक्क्यांच्या द्रावणात तेवढ्याच आकारमानात १०,००० मिलिग्रॅम. फरक दोनशेपटींहून अधिक! शिवाय लिंबाच्या सालीत आणि रसात फ्युरोकुमारिन नावाची संयुगे असतात. ती त्वचेवर असताना ऊन लागले, तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात आणि मागे राहिलेले काळे डाग महिनोन्‌महिने टिकतात. डाग घालवायला लिंबू चोळून उन्हात शाळेला निघालेल्या मुलीला उलट डागच मिळायचे. वर्गात हे एवढे एक सांगितले, तरी तासाचे चीज झाले.

मोठी चाचणी काय सांगते?

ऑस्ट्रेलियातील नाम्बूर या गावी १९९२ ते १९९६ या काळात एक मोठी चाचणी झाली. तीतील ५५ वर्षांखालील ९०३ जणांच्या त्वचेचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. काहींना रोज ऊनरोधक मलम लावायला सांगितले होते, इतरांना वाटेल तेव्हा. त्याखेरीज काहींना रोज गाजरातील बीटा-कॅरोटिन या प्रतिऑक्सिडीकारकाची ३० मिलिग्रॅमची गोळी दिली, तर इतरांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ही विभागणी केली होती. हाताच्या पाठीचे ठसे घेऊन तुलना केली, तेव्हा रोज मलम लावणाऱ्यांत त्वचेचे वार्धक्य २४ टक्क्यांनी कमी आढळले. बीटा-कॅरोटिनच्या गोळीचा एकंदरीत परिणाम दिसला नाही.

गोळी म्हणजे मलम नव्हे, आणि बीटा-कॅरोटिन म्हणजे सगळे प्रतिऑक्सिडीकारक नव्हेत. तरीही क्रम कळतो. मुक्त मूलके झाल्यावर त्यांच्यामागे धावण्यापेक्षा ती होऊच न देणे अधिक खात्रीचे. वांग्याची फोड पाण्यात बुडवणारे हात नेमके हेच करत असतात. आपल्यासाठी ते पाणी म्हणजे छत्री, टोपी, डोक्यावरचा पदर, लांब बाह्या आणि दुपारच्या उन्हात शक्य तेवढी सावली.

लिंबू आणि आवळा जेवणात अवश्य असू द्यावेत. कोलॅजेन तयार होण्यासाठी क जीवनसत्त्व लागतेच, आणि खाल्लेले जीवनसत्त्व रक्तावाटे त्वचेपर्यंत पोचते. त्याला वरच्या थराची भिंत ओलांडावी लागत नाही.

विद्यार्थ्यांना शेवटी एक काम द्यावे. प्रतिऑक्सिडीकारकाचा दावा करणारी एखादी जाहिरात आणायची आणि तिला चार प्रश्न विचारायचे : द्रव्य किती आहे? वापरेपर्यंत ते टिकते का? त्वचेत शिरते का? आणि दावा कशावर तपासला आहे, परीक्षानळीत, प्राण्यावर की माणसांवर? उत्तरे जाहिरातीत सापडली नाहीत, तर ती जागा वहीत कोरी ठेवावी. ती कोरी जागाच बरेच काही शिकवील.