फ्यूज आहे ना, मग काय भीती?

रात्री झोपण्यापूर्वी आपण गॅस बंद आहे की नाही ते दोनदा बघतो, दाराची कडी तीनदा. पण भिंतीतून फिरणाऱ्या विजेची आठवण येते ती बिल आले की! कुणी विचारलेच तर, "आमच्याकडे फ्यूज आहे ना, मग काय भीती?" हे उत्तर ठरलेले. मैत्रिणींनो, नेमका इथेच आपला घोटाळा होतो.

फ्यूज काय किंवा हल्लीचा एम.सी.बी. काय, त्याचे काम वायर तापून आग लागू नये एवढेच. पाच अँपिअरचा फ्यूज पाच अँपिअर वीज खुशाल जाऊ देतो. अँपिअरचा हजारावा भाग म्हणजे मिलिअँपिअर. असे तीस-चाळीस मिलिअँपिअर जरी छातीतून गेले, तरी जिवावर बेतू शकते. पाच हजार मिलिअँपिअर सहज सोसणाऱ्या फ्यूजला तुमचा शॉक कळणार तरी कसा?

मग माणसाला वाचवते कोण? एक अर्थिंग. प्लगची जाड, लांब पिन ती अर्थिंगची. फ्रिज, इस्त्री, गिझर यांच्या पत्र्यात वीज उतरली, तर तिला जमिनीकडे जाण्याची वाट ही पिन देते. ती मोडून दोन पिनांवर काम भागवू नका. भिंतीतल्या सॉकेटमागे अर्थची वायर खरोखर जोडली आहे ना, हेही वायरमनकडून तपासून घ्या.

दुसरा राखणदार म्हणजे आर.सी.सी.बी. हा वाण्याच्या वहीसारखा हिशेब ठेवतो. जेवढी वीज गेली तेवढी परत आली पाहिजे. घरासाठी 30 मिलिअँपिअरचा घ्यावा. तेवढी तफावत आली, की पापणी लवायच्या आत तो वीज तोडतो. त्यावर 'टेस्ट'चे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. खटका पडला नाही, तर वायरमनला लगेच बोलवावे.

आपल्या नाशिकला तर याची गरज जास्तच. जुन्या नाशकातल्या वाड्यांत कुठे कुठे लाकडी पट्टीवरची जुनी वायरिंग अजून दिसते. तिच्यावरचे रबर वाळून तडकते, आणि पावसाळ्यात भिंतींना ओल येते. शिवाय गोदामाईचा पूर! 2008, 2016 आणि 2019 साली पंचवटी, सराफ बाजार या भागांनी तो अनुभवला. दुतोंड्या मारुतीपाशी पाणी चढू लागले, की नदीकाठच्या घरांनी, पाणी आत शिरण्याआधीच, कोरड्या हाताने मेन स्विच बंद करावा. पाणी ओसरल्यावर सॉकेट, बोर्ड वाळवून, वायरमनला दाखवूनच वीज सुरू करावी. घाई नको बरं का!

हिवाळ्यात इथली थंडी कडाक्याची, म्हणून बादलीत हीटरची कांडी पडते. पाणी तापले का ते बघायला बोट घालण्याआधी बटण बंद करून प्लगही काढावा. बादली प्लास्टिकची असावी, आणि मुले घरात एकटी असताना ती कांडी लावूच नये. गिझर साधारण 2000 वॉटचा. 230 व्होल्टने भागले की जवळजवळ नऊ अँपिअर होतात. तेव्हा त्याला सहा अँपिअरचा लहान सॉकेट चालणार नाही, सोळाचाच हवा.

कपडे वाळत घालायला लोखंडी तार बांधली असेल, तर ती आजच काढा. विजेच्या खांबाला किंवा घरावर येणाऱ्या वायरच्या आधाराला बांधलेली तार, ओले कपडे आणि ओले हात एकत्र आले, की अनर्थ ओढवतो. नायलॉनची दोरी उत्तम.

एवढे करूनही कुणाला शॉक बसलाच, तर माया आवरा. त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल, तर कोरड्या जागी उभे राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला दूर ढकला. तो शुद्धीवर नसेल, श्वास चालत नसेल, तर कुणाला तरी 108 ला फोन करायला सांगा आणि छातीच्या मधोमध दोन्ही तळव्यांनी जोरात, मिनिटाला 100 ते 120 वेळा दाबत राहा. बाहेर रस्त्यावर तार तुटून पडलेली दिसली, तर जवळ न जाता 1912 वर महावितरणला कळवा.

येत्या रविवारी चहा झाला, की मीटरपाशी जा. मेन स्विच कोणता ते सासूबाईंना, मुलांना दाखवून ठेवा. आणि आर.सी.सी.बी. आहे का, ते बघा. नसेल, तर पुढच्या महिन्याच्या खर्चात तो पहिला लिहा.