जांभळ्या द्रावणातला हळदीचा तंटा

आमच्या सिंदी (रेल्वे)कडे हळदीचा विषय निघाला की वायगावचं नाव आल्याशिवाय राहत नाही. समुद्रपूर तालुक्यातल्या या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिच्यातल्या कुर्क्युमिनचा बोलबाला आणखी वाढला. कुर्क्युमिन म्हणजे अँटिऑक्सिडंट, इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पण हा गुण मोजतात कशानं, या प्रश्नानं मला बरीच वर्षं पछाडलंय. उत्तर बहुतेक वेळा एकच येतं: डीपीपीएच.

फ्री रॅडिकलचा एक इलेक्ट्रॉन सुटा असतो, म्हणून ते क्षणात कुणाला तरी जाऊन भिडतं. डीपीपीएच हेही फ्री रॅडिकलच, पण ते मात्र बाटलीत निवांत पडून राहतं. १९२२ साली गोल्डश्मिट आणि रेन यांनी ते जगापुढे आणलं. त्याचा सुटा इलेक्ट्रॉन रेणूभर पसरलेला, भोवती अवजड गटांची गर्दी. त्यामुळे दोन रेणू एकमेकांना चिकटत नाहीत. १९५८ मध्ये मार्सडेन ब्लॉइस यांनी ‘नेचर’मध्ये छोटंसं टिपण लिहून त्यावर अँटिऑक्सिडंट मोजायची रीत बसवली. आज बी.फार्म.च्या पोरांनाही ती येते. काळपट भुकटी मिथेनॉलमध्ये विरघळवायची, गर्द जांभळं द्रावण फॉइलमध्ये गुंडाळून ठेवायचं, अर्क घालून अर्धा तास अंधारात ठेवायचं आणि ५१७ नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. जांभळा रंग उतरून जितका पिवळा पडेल तितकी अँटिऑक्सिडंट गुणाची टक्केवारी वर. हळदीच्या बाबतीत पंचाईत अशी, की अर्कच मुळात पिवळा. डोळ्यांवर भिस्त ठेवायची सोय नाही.

खरी मजा पुढे आहे. कुर्क्युमिन रॅडिकलला शांत करतं ते आपला नेमका कुठला हायड्रोजन देऊन? १९९९ मध्ये योव्हानोविच आणि सहकाऱ्यांनी सांगितलं, रेणूच्या मधोमध असलेल्या कार्बनवरचा. लगेच पुढच्याच वर्षी कॅनडातल्या बार्कले यांच्या गटानं ते खोडून काढलं: हायड्रोजन जातो तो दोन टोकांच्या फिनॉलमधला. बार्कलेंनी लेखाच्या शीर्षकातच जुन्या, कसलेल्या पद्धती वापरायला हव्यात असा टोला हाणलाय. शास्त्रज्ञांची भांडणं अशीच असतात, सभ्य आणि झोंबणारी.

या वादात तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं २००३ मध्ये उडी घेतली, आणि मला तो शोधनिबंध सगळ्यांत देखणा वाटतो. के. इंदिरा प्रियदर्शिनी आणि सहकाऱ्यांनी कुर्क्युमिनशेजारी त्याचंच एक भावंड उभं केलं, डायमेथॉक्सी कुर्क्युमिन. मधला कार्बन तसाच, पण दोन्ही फिनॉलची तोंडं मिथाइलनं बंद. डीपीपीएचबरोबर दोघांचा वेग मोजला, तर कुर्क्युमिन सुमारे १८०० पट वेगवान निघालं. उंदराच्या यकृतातल्या मेदाचं किरणोत्सारानं होणारं ऑक्सिडीकरण रोखण्यात, तितक्याच मात्रेला, कुर्क्युमिन ८२ टक्के आणि भावंड २४ टक्के. पारडं फिनॉलकडे झुकलं. तरी २४ म्हणजे शून्य नव्हे, हे माझ्या मनातून जात नाही.

पुढच्याच वर्षी लिट्विनिएन्को आणि इंगोल्ड यांनी डीपीपीएच घेऊनच या तंट्याचा निवाडा केला. त्यांनी द्रावक बदलून पाहिले. मिथेनॉलमध्ये अभिक्रिया सुसाट, डायऑक्सेनमध्ये मंद. आणि मिथेनॉलमध्येच थोडं ॲसेटिक ॲसिड टाकलं की वेग खाली. म्हणजे मिथेनॉलमध्ये कुर्क्युमिन आधी मधल्या कीटो-ईनॉल भागातला प्रोटॉन सोडतं आणि ऋणभारित झालेला रेणू मग इलेक्ट्रॉन देतो. आम्लानं ती पहिली पायरीच अडते, मग फिनॉलचा संथ मार्ग तेवढा उरतो. मध्यभाग म्हणणारे आणि टोकं म्हणणारे, दोघांच्याही पदरात थोडं थोडं माप पडलं.

एवढं होऊनही प्रबंधांमध्ये मिथेनॉलमधली टक्केवारी छापून खाली ‘आरोग्यास हितकारक’ असा निष्कर्ष बिनदिक्कत चिकटवला जातो. डीपीपीएच शरीरात कुठेच नसतं आणि आपण हळद फोडणीच्या तेलात टाकतो. उद्या कुणी वायगावच्या हळदीची टक्केवारी माझ्यापुढे धरली, तर आधी द्रावक कुठला आणि त्यात आम्ल किती, एवढं त्यानं सांगावं.