संगणकाची देवडी

संगणकाच्या यच्चयावत दुखण्यांना ‘व्हायरस’ हे एकच नाव सरसकट देऊन आपण मोकळे होतो. परंतु विषाणू निराळा आणि कृमी निराळा, आणि ज्याला घरच्या यंत्राचा बंदोबस्त करावयाचा आहे त्याने हा भेद आधी ध्यानात घेतला पाहिजे. विषाणू परावलंबी असतो. एखाद्या फाइलच्या वा डिस्कच्या आश्रयाने तो दबा धरून बसतो आणि यजमानाने स्वहस्ते ती वापरल्यावाचून त्याला पाऊल टाकता येत नाही. कृमीला यजमानाच्या अनुमतीची अपेक्षाच नसते: कार्यप्रणालीत एखादी फट आढळली की तो इंटरनेटवरून आपण होऊन आत शिरतो आणि घरधनी निद्रिस्त असताना दुसऱ्याच्या दारी रवाना होतो.

लाहोरच्या दोघा बंधूंनी १९८६ साली रचलेला ‘ब्रेन’ हा पहिल्या जातीचा. फ्लॉपीच्या पाठीवर बसून, म्हणजे माणसाच्याच पायांनी, तो देशोदेशी पोचला, आणि त्याच्या कर्त्यांनी त्यात आपले नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांकही नमूद केला होता, इतका तो काळ भाबडा होता. २००० सालच्या मे महिन्यात मनिलाहून निघालेले ‘आय लव्ह यू’ हे प्रेमपत्र तितके भाबडे नव्हते. त्याला जोडलेली फाइल साधी मजकुराची वाटे, कारण नावाच्या अखेरीस असलेली ‘व्हीबीएस’ ही तिची खरी जात विंडोज झाकून ठेवी. जाणत्यांनी तिची गणना कृमींत केली असली, तरी ती उघडण्याचे काम दर ठिकाणी माणसाच्या बोटानेच केले, आणि पत्र परिचिताच्या नावे आलेले असल्यामुळे कोणास शंका आली नाही. नावाचे हे शेपूट विंडोज आजही मुळात झाकूनच ठेवते. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ या सदरात जाऊन ते उघडे करून घ्यावे.

कृमीपुढे मात्र हाताचा असा संयम कामास येत नाही. २००३च्या ऑगस्टात ‘ब्लास्टर’ फैलावला तेव्हा लोकांनी कोणतेही पत्र उघडले नव्हते. इंटरनेट जोडले, आणि थोड्याच वेळात मिनिटभराची मुदत पडद्यावर मोजून दाखवीत यंत्र आपोआप बंद पडू लागले. ज्या फटीतून तो शिरला ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलैतच प्रसिद्ध केली होती, आणि विंडोज एक्सपीत फायरवॉलही होती, पण ती मुळात बंद ठेवलेली! वाड्याला देवडी बांधावी आणि पहारेकऱ्यास रजा द्यावी, तशातला तो प्रकार. पुढील वर्षीच्या सर्व्हिस पॅकने त्यास हजर केले. आतून कोणी बोलाविले नसता दारी आलेल्यास परत धाडणे एवढेच त्याचे काम, आणि म्हणून तो कधीही बंद करू नये. मे २०१७मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभर दस्तऐवज कुलूपबंद करून खंडणी मागितली, तेव्हाही दुरुस्ती मार्चपासून उपलब्ध होती. अद्ययावत होण्याची सूचना येताच ‘नंतर’ हे बटण दाबण्याची खोड मलाही होती, हे कबूल केलेले बरे. ज्या प्रणालीला दुरुस्त्या मिळणेच बंद झाले आहे, ती तर इंटरनेटपासून दूरच ठेवावी.

एक गोष्ट मात्र फार थोड्या घरांत पाळली जाते. संगणकावरील ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हणजे कुलमुखत्यार. त्याच्या नावाने काम चालू असता शिरलेल्या उपद्रवी प्रोग्रॅमच्या हाती त्याच्या अखत्यारांपर्यंत पोचण्याची वाट आयतीच लागते. यास्तव रोजच्या वापरासाठी मर्यादित हक्कांचे वेगळे खाते काढावे आणि मुखत्याराचा पासवर्ड नवा प्रोग्रॅम बसविण्यापुरताच वापरावा. मुलांच्या बाबतीत तर हे अगत्याचे.

विषाणूनाशकाविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. लाहोरच्या बंधूंनी विषाणू रचला, तर पुण्याच्या काटकर बंधूंनी दुरुस्तीच्या दुकानापासून प्रारंभ करून विषाणूनाशकाचा उद्योग उभारला, हा योगायोग मला मोठा गमतीचा वाटतो. परंतु विंडोजसोबत येणारा डिफेंडर चालू व अद्ययावत असला तरी घरगुती कामास पुरतो, आणि दोन नाशके एकाच वेळी पहाऱ्यावर ठेवली तर ती परस्परांतच भांडतात.

खंडणीखोरास निरुपाय करते ती दस्तऐवजांची दुसरी नक्कल. ती बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि काम होताच डिस्क सोडवून ठेवावी, कारण जोडून ठेवलेली नक्कलही मूळ कागदांबरोबरच कुलूपबंद होते. माझी डिस्क घराच्या खरेदीखताशेजारी कपाटात असते. दर रविवारी ती बाहेर निघते, तासभर जोडली जाते आणि पुन्हा आत जाते.