इंटरनेटनं गाण्याचं भलं केलं की वाटोळं? मंगळवेढ्यातून एका प्रश्नाची उकल

संशोधनाची तयारी करणाऱ्या बऱ्याच मित्रमैत्रिणींकडे विषय तयार असतो, प्रश्न मात्र तयार नसतो. 'इंटरनेटचा संगीतावर आणि माणसामाणसांतल्या नात्यांवर होणारा परिणाम' हे त्याचं नेहमीचं उदाहरण. विषय छान आहे, पण या वाक्याला उत्तर देता येत नाही. कुठलं संगीत? कुणाची नाती? कशाच्या तुलनेत परिणाम? आज आपण हाच विषय घेऊन त्याचे तुकडे पाडूया. आधाराला मंगळवेढा घेऊया. पंढरपूरपासून सुमारे २५ किलोमीटरवरचं गाव, मालदांडी ज्वारीचं गाव आणि संतांची भूमी. गाणं एका तोंडातून दुसऱ्या तोंडात कसं जातं, हे समजून घ्यायला यापेक्षा चांगली जागा शोधावी लागेल.

आधी इतिहास: गाणं दाराबाहेरून आत कसं गेलं

चोखामेळा चौदाव्या शतकातले. परंपरा सांगते की मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली, आणि तिच्याखाली १३३८ साली त्यांचा मृत्यू झाला. त्यांची समाधी पंढरपूरला, विठ्ठल मंदिराच्या महाद्वारासमोर आहे. समोर, म्हणजे बाहेर. त्या मंदिराचं दार दलितांसाठी उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. पण चोखोबांचे अभंग त्याच्या कितीतरी आधीपासून वारकऱ्यांच्या तोंडी होते. माणसाला अडवणारं दार गाण्याला अडवू शकलं नाही.

हे अभंग टिकले कसे? लिहून ठेवण्याचा वाटा आहेच, पण गाण्याचा वाटा फार मोठा. ख्रिश्चन ली नोव्हेत्झके यांनी संत नामदेवांवरच्या २००८ सालच्या पुस्तकात हाच मुद्दा मांडलाय. नामदेवांची सार्वजनिक स्मृती प्रामुख्याने कीर्तनातून टिकली, आणि लेखन बऱ्याचदा कीर्तनकाराच्या मदतीला होतं. त्याच्या वहीला 'बाड' म्हणतात. म्हणजे आधी गाणं आणि मग वही, असा तो क्रम.

इथे एक भेद पक्का लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे. अभंगाचे शब्द बऱ्यापैकी ठरलेले असतात, शेवटी संताची नाममुद्रा असते. चाल मात्र मोकळी असते. एकच अभंग या गावात एका चालीत, पलीकडच्या गावात दुसऱ्या चालीत. विणेकरी कुठे थांबतो, टाळकरी कधी लय वाढवतात, पखवाजवाला कुठे तोडा टाकतो, ही सगळी गावाची स्वतःची भर. आपल्या विषयातली 'सर्जनशीलता' ही अशी जमिनीवर दिसते. नवं गाणं रचणं एवढाच तिचा अर्थ घेतला तर गावातली निम्मी सर्जनशीलता आपल्याला दिसणारच नाही.

तीन पिढ्या, तीन माध्यमं

माध्यम बदललं की गाणं बदलतं, हे इंटरनेटपासून सुरू झालेलं नाहीये. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत होती. तासभर चालणारा राग तीन मिनिटांत बसवावा लागला. लोकांनी तेव्हाही 'संगीत संपलं' म्हटलं असेल, पण संपलं काही नाही. नवा आकार तयार झाला.

मंगळवेढ्याशी जुनं नातं असलेलं शिंदे घराणं या बाबतीत फार बोलकं आहे. प्रल्हाद शिंदे रेकॉर्डच्या आणि कव्वालीच्या मुकाबल्यांच्या काळात पुढे आले. भक्तिगीतं आणि भीमगीतं दोन्हींत त्यांचा आवाज घराघरांत गेला. त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद यांना कॅसेटनं महाराष्ट्रभर नेलं. नातू आदर्श यांची गाणी आजची पिढी यूट्यूबवर ऐकते. एकाच घरात रेकॉर्ड, कॅसेट आणि इंटरनेट.

कॅसेटच्या काळाबद्दल पीटर मॅन्युएल यांचं 'कॅसेट कल्चर' (१९९३) हे पुस्तक संशोधनाला लागण्याआधी वाचाच. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. रेकॉर्डच्या काळात एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी होती. कॅसेट स्वस्त आली आणि लहान लहान उत्पादक उभे राहिले. प्रादेशिक बोलीतली, जातीसमूहांची, भक्तीची गाणी बाजारात आली. त्याचबरोबर चोरटी विक्री वाढली, आणि सिनेगीतांच्या चालींवर शब्द बसवलेली गाणीही भरपूर आली. एकाच माध्यमानं दार उघडलं आणि चाली उसन्या घ्यायची सवयही वाढवली. 'भलं की वाटोळं' या प्रश्नाचं उत्तर तेव्हाही एका शब्दात देता येत नव्हतं.

दार उघडलं, पण पुढच्या रांगा किती?

आता इंटरनेट. एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाइलवर काढलेल्या व्हिडिओमुळे लाखो लोकांपर्यंत पोचल्या. कंपनी नाही, स्टुडिओ नाही, शिफारस नाही. ज्या समाजाला शतकानुशतकं दाराबाहेर उभं केलं गेलं, त्यातल्या एका बाईचा आवाज कुणाचीही परवानगी न घेता सगळीकडे गेला. इंटरनेटला सरसकट शिव्या घालण्याआधी हे उदाहरण डोळ्यांसमोर आणा.

पण एका उदाहरणावरून निष्कर्ष काढायचा नाही, हा आपला नियम. कडूबाई दिसतात, कारण त्या पोचल्या. जे पोचले नाहीत ते आपल्याला दिसतच नाहीत. यशस्वी लोकांकडेच बघून नियम काढण्याची ही चूक प्रबंधांमध्ये फार होते.

यावर एक सुंदर प्रयोग आहे. मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ साली 'सायन्स'मध्ये तो प्रसिद्ध केला. अनोळखी बँडची ४८ गाणी एका संकेतस्थळावर ठेवली. १४,३४१ लोकांनी भाग घेतला. काहींना फक्त गाण्यांची नावं दिसली. बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या 'जगां'त वाटलं आणि आपल्या जगात कुठलं गाणं किती जणांनी डाउनलोड केलंय, हा आकडाही दाखवला. सगळी जगं शून्यापासून सुरू झाली. गाणी तीच होती.

निष्कर्ष दोन. आकडे दिसत असतील तिथे विषमता वाढली, म्हणजे थोडी गाणी खूप चालली आणि बाकीची मागे पडली. आणि कुठलं गाणं वर जाईल हे सांगणं अवघड झालं, कारण एका जगातलं लाडकं गाणं दुसऱ्या जगात मागे राहिलं. फार चांगली गाणी सहसा आपटली नाहीत, फार वाईट सहसा गाजली नाहीत, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं.

आता हे गावात आणा. दहा भजनी मंडळं आहेत असं समजू. सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच अभंगाची एकाच गाजलेल्या गायकाची चाल, खाली व्ह्यूजचा भला मोठा आकडा. नवा मुलगा कुठली चाल शिकेल? आजोबांची की आकड्याची? अभंग टिकेल, कदाचित जास्त लोक गातील, पण दहा चालींची एक चाल होण्याचा धोका खरा आहे. लक्षात घ्या, हा माझा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. तर्क आणि पुरावा यांच्यात रेघ मारायची सवय आत्ताच लावून घ्या.

गुन्हा कुणाचा? जात्याचं उदाहरण

जात्यावरच्या ओव्या घ्या. पहाटे दोघी बाया समोरासमोर बसून दळायच्या आणि गायच्या. ऐकणारा कुणी नसायचा, ते गाणं एकमेकींसाठी होतं. सासुरवास, माहेर, भाऊ, विठ्ठल सगळं त्यात यायचं. हेमा राईरकर आणि गी पॉइटेविन यांनी सहकाऱ्यांसोबत महाराष्ट्रातल्या गावागावांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७पासून 'पारी' म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया हा संग्रह इंटरनेटवर आणते आहे.

ओवी गावातून गेली कशामुळे? इंटरनेटमुळे नाही. विजेची गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं, जात्यासोबत गाण्याची वेळही गेली. आणि गिरणीमुळे बाईच्या खांद्यावरचं ओझं उतरलं, हेही विसरून चालणार नाही. इंटरनेट इथे मारेकरी नाहीये, झालाच तर राखणदार आहे. पण त्यानं राखलं काय? शब्द, आवाज, बाईचं नाव, गावाचं नाव. समोर बसून दुसरा दांडा धरणारी सखी त्याला राखता आली नाही. म्हणून 'परंपरा लोप पावतेय' असं वाक्य लिहिलंत की लगेच स्वतःला विचारा, नेमकं काय लोपलं आणि कशानं?

जोडलं जाणं मोजायचं कसं?

रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांचा १९९८चा अभ्यास प्रसिद्ध आहे. पिट्सबर्गमधल्या ७३ घरांतली १६९ माणसं, इंटरनेट वापरायला लागल्यापासूनची पहिली एक-दोन वर्षं. जास्त वापर करणाऱ्यांचं घरच्यांशी बोलणं कमी झालं, एकटेपणा वाढला. याचा खूप गाजावाजा झाला. पण याच मंडळींनी २००२ साली पुन्हा लिहिलं की ते वाईट परिणाम पुढे बरेचसे विरले. आणि नव्या पाहणीत माणसांत मिसळणाऱ्यांना, ज्यांना आधीच आधार आहे त्यांना, इंटरनेटचा फायदा जास्त झालेला दिसला. म्हणजे 'इंटरनेट चांगलं की वाईट' यापेक्षा 'कुणासाठी आणि कधी' हा प्रश्न जास्त कामाचा ठरला.

गाण्यापुरतं बोलायचं तर आयलूनेड पिअर्स, जॅक लाउने आणि रॉबिन डनबार यांचा २०१५चा अभ्यास बघा. इंग्लंडमध्ये प्रौढांचे काही वर्ग गाण्याचे, काही हस्तकला आणि लेखनाचे. सात महिने निरीक्षण केलं. शेवटी सगळ्याच वर्गांतली माणसं एकमेकांच्या साधारण सारखीच जवळ आली होती, पण गाणाऱ्यांची जवळीक आधी जुळली. अनोळखी माणसांमधला संकोच गाणं पटकन मोडतं.

मग हेच ऑनलाइन का होत नाही? इथे भौतिकशास्त्र आडवं येतं. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. दहा मीटरवरच्या टाळकऱ्याचा टाळ तुमच्या कानावर सुमारे २९ मिलिसेकंदांनी पडतो. दोन माणसांनी एकत्र लय धरायची तर साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चालतो, त्यापुढे लय ओढली जाऊन मंदावायला लागते. स्टॅनफर्डमध्ये क्रिस चाफे यांनी वेगवेगळ्या खोल्यांतल्या दोघांना टाळ्या वाजवायला लावून हे तपासलंय. व्हिडिओ कॉलवर हा उशीर बऱ्याचदा १०० मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त असतो. त्यामुळे कॉलवर गप्पा होतात, पण टाळ जुळत नाहीत. २०२० आणि २०२१ साली कोरोनामुळे पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. लोकांनी घरी बसून दर्शन घेतलं, अभंग ऐकले. २०२२ला वारी पुन्हा पायी निघाली आणि लोक पुन्हा रस्त्यावर आले. ऐकण्याची गरज मोबाइलनं भागली असेल, पण सोबत गाण्याची नाही, असा अर्थ मी काढतो. तुम्ही वेगळा काढू शकता.

मग आपला प्रश्न कसा लिहायचा?

समजा, मंगळवेढा तालुक्यात अभ्यास करायचाय. मूळ मोठ्या विषयाचे निदान तीन प्रश्न होतील.

१. चालींची विविधता: ठरावीक पाच अभंग घ्या. प्रत्येक भजनी मंडळाकडून ते ध्वनिमुद्रित करा. चाली किती वेगळ्या भरतात? जुन्या कॅसेट कुणाकडे असतील तर त्यांच्याशी तुलना करता येईल. तुलनेशिवाय 'कमी झाली' म्हणता येत नाही.

२. शिकण्याची वाट: ही चाल कुणाकडून शिकलात? वडील, बुवा, कॅसेट, यूट्यूब? वयानुसार उत्तर बदलतं का? मोबाइलवरून शिकलेला माणूस मंडळात येऊन बसतो, की एकटाच गातो?

३. कोण आत आलं: पूर्वी भजनाला कोण बसायचं, कोण बसत नव्हतं? बाया, दलित वस्तीतली मुलं, बाहेरगावी गेलेली माणसं यांच्यासाठी मोबाइलनं काही बदललं का?

तिसरा प्रश्न बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. 'पूर्वी सगळे एकत्र बसून गायचे' हे वाक्य ऐकायला गोड वाटतं. पण त्या 'सगळ्यां'त कोण नव्हतं, हे चोखोबांच्या गावात विचारायचं नाही तर कुठे विचारायचं? चालींची विविधता घटली आणि गाणाऱ्यांची विविधता वाढली, असंही एकाच वेळी घडू शकतं. मग त्याला भलं म्हणाल की वाटोळं?

मुलाखतीला जाताना परवानगी घ्या, ध्वनिमुद्रण कुठे वापरणार ते स्पष्ट सांगा, आणि मंडळाला त्याची प्रत द्या. शक्य असेल तर पहिल्या दिवशी वही बंद ठेवून टाळ हातात घ्या. दहा मीटरच्या आत बसल्यावर काय होतं, ते आधी स्वतः ऐका. प्रश्नावली दुसऱ्या दिवशी काढली तरी चालते.