बनगावची जलसंजीवनी

निर्वासितांना केलेल्या मदतीचा हिशेब आपण बहुधा वस्तूंमध्ये मांडतो. धान्य किती टन गेले, तंबू किती उभारले, निधी किती जमला, असा. १९७१ सालचा असा हिशेब आपल्याकडे आहे. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल आरंभली आणि वर्ष संपेपर्यंत पूर्व बंगालमधून सुमारे ९९ लाख माणसे भारतात आली. त्यांच्यासाठी आठशेहून अधिक छावण्या उघडल्या गेल्या. १५ नोव्हेंबरपासून पत्राच्या पाकिटावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. ते पैसे निर्वासितांच्या मदतीसाठी होते. या विषयावरचे वाचन करताना मात्र मला सर्वांत मोलाची वाटलेली मदत या कोणत्याच रकान्यात बसत नाही. ती म्हणजे बनगावच्या रुग्णालयात मांडलेली, नळ लावलेली काही पिंपे.

बनगाव हे पश्चिम बंगालमधले सीमेलगतचे गाव. जेसोरहून कोलकात्याकडे जाणाऱ्या रस्त्याने येणारे लोंढे आधी इथे पोहोचत. पावसाळा तोंडावर होता, पिण्याचे पाणी दूषित होते, माणसे दाटीवाटीने राहत होती. कॉलऱ्याची साथ पसरली. काही छावण्यांमधून दर शंभर रुग्णांमागे तीस दगावत असल्याच्या बातम्या येऊ लागल्या.

कॉलऱ्याने माणूस मरतो तो जंतू शरीरभर पसरल्यामुळे नव्हे. जंतू आतड्यातच राहतात आणि तिथे एक विष सोडतात. कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये प्रयोगाने हे दाखवून दिले होते. या विषामुळे शरीरातले पाणी आणि क्षार आतड्यात झिरपत राहतात. रोग तीव्र असेल तर प्रौढ माणसाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. डोळे खोल जातात, नाडी लागेनाशी होते आणि काही तासांत सगळे संपते. गेलेले पाणी आणि क्षार वेळेत परत मिळाले, तर बहुतेक रुग्ण वाचतात. त्या काळी ते परत देण्याचा मान्य मार्ग एकच होता: शिरेतून सलाइन.

जूनच्या अखेरीस कोलकात्याच्या जॉन्स हॉपकिन्स संशोधन केंद्रातले डॉ. दिलीप महालनबीस आपले पथक घेऊन बनगावला गेले. रुग्णालयाच्या दोन खोल्यांत जमिनीवर रुग्ण पडलेले होते. शिरेत सुई घालायची तर जुलाब-उलट्यांच्या घाणीत गुडघे टेकून बसावे लागे. सलाइनचा साठा अपुरा होता आणि ती लावता येणारी माणसे पथकात अवघी दोन होती. या पद्धतीने साथ आटोक्यात येणार नाही, हे त्यांना दोन दिवसांतच कळून चुकले.

दुसरा मार्ग प्रयोगशाळेत आणि छोट्या चाचण्यांत तयार होता. कॉलऱ्याचे विष आतड्याची मीठ शोषण्याची नेहमीची वाट बंद करते, पण एक वाट उघडी राहते. त्या वाटेने मीठ आणि ग्लुकोज जोडीनेच आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी जाते. नुसते पाणी पाजून उपयोग होत नाही, नुसते मिठाचे पाणी पाजूनही होत नाही. दोन्ही योग्य प्रमाणात लागतात. साखर फार झाली, तर उलट शरीरातलेच पाणी आतड्यात ओढले जाते. कोलकात्याचेच हेमेंद्रनाथ चॅटर्जी यांनी १९५३ मध्ये असे द्रावण रुग्णांना पाजले होते. १९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नालिन आणि रिचर्ड कॅश यांनी दाखवून दिले, की अत्यवस्थ रुग्णाला सुरुवातीला सलाइन दिल्यावर पुढचे काम हे द्रावण करू शकते आणि सलाइनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटते. पण हे सगळे रुग्णालयाच्या चार भिंतींत, तज्ज्ञांच्या डोळ्यांसमोर झाले होते. छावणीत अशिक्षित नातेवाइकांच्या हाती हे सोपवावे, असे म्हणायला फारसे कोणी धजत नव्हते.

महालनबीस यांनी ते सोपवले. एक लिटर पाण्याला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा, एवढीच कृती. कोलकात्याच्या केंद्रातल्या ग्रंथालयाच्या खोलीत हे मिश्रण तोलून प्लॅस्टिकच्या पिशव्यांत भरले जाई आणि गरम इस्त्रीने पिशव्यांची तोंडे बंद केली जात. बनगावला ते स्वच्छ पाण्यात कालवून पिंपांत भरत. पिंपाच्या नळाखाली भांडे धरायचे आणि आपल्या माणसाला पाजत राहायचे, हे काम आई, बाप, भाऊ, बहीण यांचे. लिटरमागे खर्च काही पैशांचाच होता. त्या द्रावणाला तिथे ‘तोंडाने घ्यायचे सलाइन’ म्हणत. त्या नावाने लोकांचा विश्वास बसायला मदत झाली असणार. सलाइन लावल्याखेरीज औषधपाणी झालेच नाही असे मानणारी माणसे मी आपल्याकडेही पुष्कळ पाहिली आहेत.

पथकाच्या देखरेखीखाली तीन हजारांवर रुग्णांवर उपचार झाले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३.६ टक्के राहिले. ही काटेकोर तुलनात्मक चाचणी नव्हती. तशी चाचणी करण्यासारखी परिस्थितीच नव्हती. त्यामुळे वैद्यकीय जगात शंका राहिल्या आणि अहवाल छापून यायला १९७३ साल उजाडले. मात्र जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ यांनी छावणीत येऊन काम पाहिले आणि पुढे या पद्धतीचा पाठपुरावा केला. १९७८ मध्ये ‘लॅन्सेट’ने या शोधाची गणना शतकातल्या सर्वांत महत्त्वाच्या वैद्यकीय प्रगतींमध्ये केली. महालनबीस २०२२ मध्ये वारले. पद्मविभूषण त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर मिळाले. आपल्या आरोग्य केंद्रांतून मिळणाऱ्या ज्या पुडीला आपण ‘जलसंजीवनी’ म्हणतो, तिच्या इतिहासातले हे निर्वासितांचे पान फारसे कोणाला ठाऊक नसते.

ज्या देशातून ते निर्वासित आले होते, त्या देशाने हा धडा आणखी पुढे नेला. १९८० ते १९९० या दशकात बांगलादेशात ‘ब्रॅक’ संस्थेच्या कार्यकर्त्या एक कोटीहून अधिक घरांत गेल्या आणि तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा लिटर पाणी यांची कृती त्यांनी आयांकडून प्रत्यक्ष करवून घेतली. पुडी पोहोचली नाही तरी मूल वाचावे, हा त्यामागचा विचार.

पण कृती माहीत असणे पुरेसे नसते, हे १९९४ च्या जुलैमध्ये दिसले. रुआंडातून पाच ते आठ लाख माणसे झाईरमधल्या गोमा शहराच्या परिसरात आली. तिथली जमीन ज्वालामुखीच्या खडकाची, संडासासाठी खड्डे खणणे अवघड, आणि पाणी किवू सरोवराचे. पहिल्या महिन्यातच सुमारे ५० हजार माणसे मेली, त्यांतली बरीचशी कॉलऱ्याने आणि आमांशाने. बनगावला तेवीस वर्षे झाली होती. मदत करणाऱ्या संस्था आल्या होत्या, सलाइनही होते. पण स्वच्छ पाणी कमी पडले आणि तोंडाने द्यायचे द्रावण वेळेवर व पुरेसे दिले गेले नाही, असे नंतरच्या पाहणीत आढळले. या अनुभवातून १९९७ मध्ये ‘स्फिअर’ हा उपक्रम सुरू झाला आणि मदतीचे किमान निकष ठरले: माणशी दिवसाला १५ लिटर पाणी, वीस माणसांमागे एक संडास.

बनगाव आणि गोमा शेजारी ठेवून पाहिले, की माझ्या मते मदतीचे दोन भाग स्पष्ट होतात. पाणी, मीठ, साखर, निवारा हे बाहेरूनच यावे लागते. जीव मुठीत धरून पळालेल्या माणसाकडे ते नसते. पण ते आल्यावर रात्रभर उशाशी बसून घोट घोट पाजायला माणूस लागतो, आणि तो माणूस छावणीत आधीपासून असतो. निर्वासिताला केवळ हात पसरणारा समजले, तर हा दुसरा भाग वाया जातो.

२०२३ च्या एप्रिलपासून सुदानमध्ये युद्ध चालू आहे आणि तिथेही कॉलरा पसरला. अशा ठिकाणांसाठी कोणी निधी मागितला, तर तो जरूर द्यावा. सोबत एक प्रश्नही विचारावा: तिथल्या लोकांना तुम्ही काय देता, एवढेच सांगू नका, त्यांच्या हाती कोणते काम सोपवता, तेही सांगा.