शूटिंगमध्ये जेवणाची सुट्टी नेमकी दुपारीच का होते?

पीएच.डी.च्या मुलाखतीत विचारतात, "तुमचा संशोधन-प्रश्न काय?" आणि आपण सांगतो विषय. "मराठी चित्रपटाच्या लोकेशनवरचं दैनंदिन जीवन" हा विषय झाला. यात प्रश्न कुठंय? तो कसा काढायचा ते एका उदाहरणावर बघू. भाग घेऊ जुन्नर-आंबेगावचा. दिग्दर्शक मंगेश हाडवळे जुन्नर तालुक्यातलेच. त्यांचा 'टिंग्या' २००८ साली आला. शेतकऱ्याचा पोरगा आणि त्याचा जखमी बैल, एवढीच गोष्ट. टिंग्या झालेल्या शरद गोयेकरला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता लोकेशनवरचा दिवस. उजाडायच्या आत युनिटच्या गाड्या येतात. स्पॉटदादांचा चहा-पोहे, एकीकडे मेकअप, दुसरीकडे लाइटमन स्टँड लावतायत, थर्मोकोलचे पांढरे तक्ते उतरवतायत. पहिला शॉट कोवळ्या उन्हात. मग दुपारी जेवण, पुन्हा काम, अंधार पडला की पॅकअप. वर्णन म्हणून हे ठीक आहे, पण यावर थिसिस होत नाही. थिसिस सुरू होतो "का" पासून. सुट्टी दुपारीच का?

पहिलं उत्तर सगळेच देतात: भूक लागते म्हणून. दुसरं उत्तर कॅमेऱ्याजवळचा माणूस देईल: ऊन डोक्यावर येतं म्हणून. हे जरा मोजून बघू. जुन्नर साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यावर तिथं मध्यान्हीचा सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो, म्हणजे शून्य सावलीचा दिवस. अशा उन्हात भुवयांची सावली डोळ्यांच्या खोबणीत पडते आणि नटाचे डोळेच दिसत नाहीत. वर कापड ताणून ऊन मऊ करता येतं, पण अख्ख्या शेतावर कापड कोण ताणणार? तेव्हा लांबचे शॉट थांबवून जेवून घेणं शहाणपणाचं. याउलट डिसेंबरच्या शेवटी मध्यान्हीचा सूर्य फक्त ४७ अंशांवर असतो. सव्वापाच फुटी माणसाची सावली भर दुपारीही जवळपास पाच फूट पडते. म्हणजे चेहऱ्यावर उजेड बरा असतो.

इथंच प्रश्न जन्मतो. सुट्टी उन्हामुळे होत असेल, तर मे आणि डिसेंबरमध्ये तिची वेळ किंवा लांबी बदलायला हवी. भुकेमुळे होत असेल, तर बदलायचं कारण नाही. दोन स्पष्टीकरणं दोन वेगळी भाकितं करतायत, आता मोजायला अर्थ आहे.

एक बारीक गोष्ट: मध्यान्ह म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं, जुन्नर त्याच्या बरंच पश्चिमेला. त्यामुळे तिथली खरी मध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२ वाजून १८ मिनिटांच्या सुमारास, तर फेब्रुवारीच्या मध्यावर पावणेएकच्या थोडी पुढे. हे न धरता आलेख काढला तर अर्ध्या तासाचा गोंधळ ठरलेला!

तिसरं स्पष्टीकरण कायद्याचं आहे आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २०१७ पासूनच्या बालकामगार नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. शिवाय निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. 'टिंग्या' या नियमांच्या आधीचा. आज तसाच सिनेमा केला तर सुट्टी सूर्य बघून घ्यायची की मुलाच्या तासांवरून? मुलाचा सीन सकाळी नऊला सुरू झाला तर त्याला बारापर्यंत थांबवावंच लागेल, ऊन कितीही छान असो. त्यामुळे मूल असलेले दिवस आणि नसलेले दिवस वेगळे मोजा. ते एकत्र केले तर कायदा पाळला जातोय का, हे तुमच्या आकड्यांत दिसणारच नाही, आणि खरं तर बघायचं तेच आहे.

भूगोलही मदतीला येतो. पूर्वेकडे नारायणगाव, मंचरची बाजू मोकळी. पश्चिमेला नाणेघाट, आहुपे, भीमाशंकरकडे डोंगर. क्षितिजापासून दहा अंश उंच डोंगर पश्चिमेला आडवा असेल तर सूर्य पाऊण तास आधीच जातो. तिथलं युनिट दुपारची सुट्टी कमी करतं का, हे तपासता येईल. पूर्वेकडे वेगळीच अडचण: थेट आवाज घ्यायचा तर विहिरीवरचे पंप बंद हवेत. शेतीची वीज पाळीने येते, आणि वीज आली की शेतकरी मोटार लावणारच. त्याचं पाणी की तुमचा सिंक साउंड? तेव्हा वीजपुरवठ्याची वेळ हाही एक रकाना ठेवा.

माहिती कुठून मिळेल? कॉलशीटवर विसंबू नका, तो आदल्या रात्रीचा बेत असतो. प्रत्यक्ष काय झालं ते दैनिक प्रॉडक्शन रिपोर्टमध्ये असतं, आणि कोणता शॉट कधी घेतला ते कंटिन्युइटी बघणाऱ्या सहायकाच्या वहीत. दोन्ही कागद मागायला निर्मात्याची लेखी परवानगी घ्या. मुलाशी बोलायचं असेल तर पालकांची संमती घ्या, आणि त्याचीही. विद्यापीठाच्या नैतिकता समितीचा अर्ज शेड्यूल लागायच्या आधी टाका, कारण युनिट पुढच्या गावाला निघून जातं.

आणि हो, संध्याकाळच्या नोंदी उसाच्या कडेला एकट्यानं बसून घेऊ नका. बिबट्याचा मुलूख आहे. युनिटच्या गाडीसोबतच परत या.