एका कर्नलचे दोन पट्टे

छायाचित्र धूसर करताना संगणक शाळकरी अंकगणितच करतो. छायाचित्र म्हणजे आकड्यांची सारणी, मॅट्रिक्स. तिच्यावर कर्नल नावाची छोटी सारणी ठेवायची, समोरासमोर आलेले आकडे गुणायचे, बेरीज मधल्या पिक्सेलच्या जागी लिहायची आणि कर्नल एक घर पुढे सरकवायचा. हेच द्विमितीय कन्व्होल्यूशन. मॅटलॅबमध्ये त्यासाठी ‘कॉन्व्ह२’ ही आज्ञा आहे.

मात्र गुणाकारापूर्वी कर्नल १८० अंशांत फिरवतात. नवख्याला ही उठाठेव वाटते. पण काळ्या चित्रात एकच पांढरा ठिपका घेऊन पाहा: कर्नल फिरवला तर उत्तरात तो जसाच्या तसा उमटतो, नाही फिरवला तर उलटा. शिवाय फिरवल्यामुळेच दोन कर्नल आधी आपसात कन्व्होल्यूशन करून एकत्र आणता येतात आणि छायाचित्रावर एकदाच चालवता येतात. डीप लर्निंगच्या बहुतेक लायब्ररी फिरवण्याचा टप्पा गाळतात. कर्नलमधले आकडे तिथे शिकूनच ठरतात, त्यामुळे बिघडत काही नाही. पण तोच कर्नल ‘कॉन्व्ह२’ला दिला की उत्तर बदलते.

खरी गंमत आहे वेळेच्या हिशेबात. ४०००×३००० पिक्सेलचे चित्र आणि ३१×३१ चा कर्नल घेतला, तर प्रत्येक पिक्सेलमागे ९६१ गुणाकार, एकूण सुमारे ११५३ कोटी! पण धूसरतेसाठी नेहमी वापरला जाणारा गाउसियन कर्नल म्हणजे एक उभा स्तंभ आणि एक आडवी ओळ यांचा गुणाकार असतो. आधी स्तंभ चालवावा, मग ओळ. पिक्सेलमागे ६२ गुणाकार पुरतात, एकूण सुमारे ७४ कोटी. आणि दशांशातली किरकोळ तफावत सोडली तर उत्तर तेच. ‘कॉन्व्ह२’ स्तंभ आणि ओळ वेगवेगळे स्वीकारते, ही तिची सोय फार मोलाची आहे. कर्नल असा फुटतो का, हे त्याची रँक काढून कळते: ती १ असली की फुटतो. कडा शोधणारा सोबेलचा कर्नल फुटतो, गोल चकतीचा नाही. मोठी चकती असेल तर फास्ट फूरिए ट्रान्सफॉर्मची वाट धरावी; कूली आणि टुकी यांनी १९६५ साली मांडलेली ती रीत आजही तितकीच कामाची आहे.

राहिल्या चित्राच्या कडा. तिथे कर्नल बाहेर लटकतो आणि ‘कॉन्व्ह२’ बाहेर शून्ये आहेत असे धरते, म्हणून धूसर चित्राची किनार काळवंडते. ‘फुल’ पर्यायात उत्तर ४०३०×३०३० चे, ‘सेम’मध्ये मूळ आकाराचे, ‘व्हॅलिड’मध्ये ३९७०×२९७० चे मिळते. चित्रावरून मोजमाप करायचे असेल तर आकार घटला तरी ‘व्हॅलिड’च घ्यावे, त्यातला एकही आकडा गृहीत धरलेल्या शून्यातून आलेला नसतो.